नानांचा कावळा आणि माझी दुर्बीण

चहा गार झाला तर होऊ द्या, दुसरा ठेवता येईल. पण माझी ही फजिती आधी माझ्याच तोंडून ऐकून घ्या. दुसऱ्या कुणाकडून कानावर आली, तर त्यात मीठमसाला घातलेला असेल. मी सांगतोय त्यात तसलं काही नाही. गरजच पडली नाही हो!

तर झालं असं, की या हिवाळ्यात मला पक्षी बघायचा नाद लागला.

आता तुम्ही म्हणाल, सोनवणे, तुम्ही आणि पक्षी? बरोबर आहे तुमचं. मी सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावरचा माणूस. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा, मधल्या काळात चहा प्यायचा. राहायला धायरीला. तिथं पक्षी म्हणाल तर पारवे. तेही आमच्या बाल्कनीत, आणि ते बघायचे नसतात, हाकलायचे असतात. टाळी वाजवून, ओरडून, वेळप्रसंगी चप्पल फेकून पारवे हाकलण्यात मी आमच्या सोसायटीत पहिला आहे, हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. त्या दिवसापर्यंत तरी वाटत नव्हती.

पण आमच्या कचेरीतल्या एकानं मला मोबाइलवर चक्रवाकाचा फोटो दाखवला. काय देखणं बदक हो! अंग सगळं केशरी, मान जरा फिकट, चालीत काय तो डौल. हा पाहुणा थंडीत थेट हिमालयापलीकडून आपल्या पुण्याच्या नदीवर येतो. आपल्या नदीवर! जिच्यावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो, तिच्यात तो आवडीनं पोहतो. आणि फेब्रुवारी संपता संपता परत निघतो.

मी म्हटलं, इतक्या लांबून पाहुणा येतो, चार महिने राहतो आणि आपण एकदा तोंडही दाखवू नये? गेलो बुधवार पेठेत आणि दुर्बीण घेऊन आलो.

बायको म्हणाली, "आधी घरातलं दिसतंय का बघा. सिलिंडर संपलाय."

तर फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. चक्रवाक बघायची ही शेवटची संधी. पक्षी बघणाऱ्या एका ग्रुपमध्ये मी नुकताच शिरलो होतो. म्हणजे मोबाइलवर. प्रत्यक्ष कुणालाच पाहिलं नव्हतं. ग्रुपच्या प्रमुख केळकर बाई. शनिवार पेठेत राहतात, शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांचा मेसेज आला:

"रविवार, सकाळी सात. हडपसरच्या पुढे, नदीकाठी, जुन्या बंधाऱ्याजवळ. भडक कपडे घालू नयेत. अत्तर लावू नये. बोलू नये. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी घरीच बोलावे. उशीर झाल्यास थांबणार नाही."

मी भीतभीत विचारलं, "मॅडम, मी नवीन आहे. ग्रुप ओळखायचा कसा?"

उत्तर आलं, "जे गप्प उभे राहून एकाच दिशेला बघत असतील, ते आम्ही."

आता मला सांगा, यात माझी काय चूक? खूण त्यांनी दिली. मी त्या खुणेवर गेलो.

मला उशीर झाला, हे मात्र खरं. सातचे नऊ झाले. हडपसर ओलांडलं आणि कुठल्याशा गावच्या बोळात स्कूटर घेऊन भरकटलो. पारावर एक म्हातारबाबा बसले होते. मी विचारलं, "बाबा, नदीवर मंडळी जमलीत ती कुठं?"

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मान खाली घातली. म्हणाले, "त्ये काय, वडाखालनं सरळ जावा. समदी तिथंच हायत. लई येळ झाला तुमास्नी."

मला भरून आलं हो. खेडेगावात पक्षी बघणाऱ्यांना केवढा मान!

वडाच्या झाडामागं स्कूटर लावली, पाठीला सॅक, गळ्यात दुर्बीण, अंगात शेवाळी जॅकेट, डोक्याला शेवाळी टोपी. नदीच्या वाळूत उतरलो आणि बघतो तर काय? पंचवीस-तीस माणसं. बायका, पुरुष, सगळे गप्प. सगळे एकाच दिशेला बघतायत. कुणी हलत नाही, कुणी खोकत नाही. अंगावर पांढरे, मळखाऊ, साधे कपडे. केळकर बाईंची शिस्त ऐकून होतो, पण इतकी असेल असं वाटलं नव्हतं.

दोघांनी तर कमालच केली होती. एकानं डोकं खाजवायला टोपी काढली, तर खाली चक्क गोटा! शेजारच्याचाही गोटा. मी मनात म्हटलं, शाब्बास! बाईंनी भडक कपडे नकोत म्हणून सांगितलं, यांनी केससुद्धा ठेवले नाहीत.

मी मांजराच्या पावलांनी जाऊन मागं उभा राहिलो. पुढच्या गोटेवाल्याच्या कानाशी कुजबुजलो, "आला का?"

त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. डोळे लाल. म्हणाला, "न्हाई अजून."

"कधीपासून थांबलाय?"

"साडेसातपासनं." आणि त्यानं उपरण्यानं डोळे पुसले.

डोळे पुसले! एका पक्ष्यासाठी! मला माझीच लाज वाटली. मी इथं हौस म्हणून आलेला, आणि हा बिचारा रडतोय. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "येईल. धीर सोडू नका."

"तुमच्या तोंडात साखर पडो, सायेब," तो म्हणाला.

शेजारी एक म्हातारी बसली होती. चेहऱ्यावर सुरकुत्या, नजर समोर खिळलेली. दोन्ही हात जोडलेले. ती ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती, "या वो आता, या." मला वाटलं, या वयात ही आवड! आपल्या आईला जिन्याच्या पायऱ्या चढवत नाहीत.

पुढं माझ्यापेक्षा उंच लोक, त्यामुळं सगळे नेमकं कुठं बघतायत ते मला दिसेना. मी जरा बाजूला सरकलो, दुर्बीण डोळ्याला लावली. सवय नव्हती. आधी कुणाचा तरी कान दिसला, मग नुसती वाळू, मग एक काळा दगड, त्याच्यापलीकडं पाणी. पाण्यावर लांब काहीतरी केशरी हललं. चक्रवाक! असणारच!

आणि नेमक्या त्याच वेळी मधे कोण यावं? कावळा.

बाभळीवरून उतरला, वाळूवर बसला, मान वाकडी करून दोन उड्या मारल्या आणि त्या काळ्या दगडाकडं निघाला. सगळी गर्दी ताठ झाली. म्हातारी अर्धवट उठली. कुणीतरी श्वास ओढल्याचं ऐकू आलं. मी पुस्तकात वाचलं होतं की कावळे दुसऱ्या पक्ष्यांना फार छळतात. मला वाटलं, संपलं! हा मेला आता चक्रवाकाला उडवणार, आणि साडेसातपासून उभ्या राहिलेल्या या भल्या माणसांच्या तोंडचा घास काढून घेणार. सगळे शिस्तीत अडकलेले, बोलता येत नाही, हलता येत नाही. कुणीतरी पुढं व्हायला नको का?

मी झालो.

वाळूतलं एक ढेकूळ उचललं, तीन ढांगांत गर्दीच्या पुढं गेलो आणि धायरीच्या पारव्यांवर घासून तयार झालेला आवाज काढला, "हाऽऽड! हो तिकडं! हाऽऽऽड!"

ढेकूळ कावळ्यापासून वीतभर अंतरावर पडलं. कावळा जो उडाला तो थेट बाभळीच्या शेंड्यावर.

मी हात झटकले, मंडळींकडं वळलो आणि हसून म्हणालो, "आता येईल बघा!"

अहो, स्मशानशांतता म्हणतात ती मी ऐकली आहे. खरोखरीची.

तो मघाचा डोळे पुसणारा गोटेवाला, म्हणजे बाळासाहेब, हे नाव मला नंतर कळलं, तो मला फक्त एवढंच म्हणाला, "सायेब, काय केलंत वो ह्ये?"

"कावळा होता हो," मी म्हटलं. "साधा."

गर्दीतून एक धोतर नेसलेले गृहस्थ पुढं आले. त्यांना मी एवढा वेळ ज्येष्ठ पक्षीतज्ज्ञ समजत होतो, ते निघाले भटजी. ते म्हणाले, "साधाच. आम्ही दोन तास त्या साध्याचीच वाट बघत होतो. आपण कोण?"

आणि मग मला तो काळा दगड नीट दिसला. त्याच्यावर पत्रावळ. पत्रावळीवर भाताचे पिंड. शेजारी एका फोटोत पांढऱ्या मिशांचे, फेटा बांधलेले एक आजोबा. फोटोला हार. ते केशरी काहीतरी म्हणजे हारातून पाण्यात पडून वाहत निघालेलं झेंडूचं फूल.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते मला कळलं. मी वाळूतच उभा होतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढंही कळू नये? तर ऐका. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात पिंड नाही, कावळा नाही, दहावा नाही. आमच्याकडं वंदना होते, चार माणसं गेलेल्याबद्दल चांगलं बोलतात, आणि घरी जातात. कावळा शिवणं हे मी ऐकून होतो, पण डोळ्यांनी कधी बघितलेलं नव्हतं. आणि बघायची पहिली वेळ आली, तेव्हा हाकलून दिला.

बाळासाहेबांनी जागच्या जागी मला सगळं समजावून सांगितलं. रागावून नाही हो, तेच तर वाईट वाटतं. त्यांचे वडील, नाना, जाऊन दहा दिवस झाले होते. आज दहावा. पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरच्यांनी पाणीही प्यायचं नाही. आणि कावळा शिवला नाही, तर गेलेल्याची काहीतरी इच्छा मागं राहिली असं समजायचं. ती म्हातारी म्हणजे नानांची बायको, आक्का.

आक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, "त्यांचा राग हाय माझ्यावर, म्हनून येईनात. जायच्या आदल्या दिवशी आमचं भांडान झालं. कालवनात मीठ कमी पडलं म्हनून बोलले, तर म्या दिवसभर अबोला धरला. तसंच गेले. मला येक शबूद बोलायचा व्हता."

आता कावळा येणारच होता. येऊन आक्कांच्या मनावरचं ओझं उतरवणारच होता. आणि मी ढेकूळ मारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भटजींनी घड्याळ बघितलं. "मला साडेदहाला दुसरीकडं पोचायचंय. दर्भाचा कावळा करतो आणि शिववतो. शास्त्रात सोय आहे."

"गवताचा न्हाई चालायचा," आक्का म्हणाल्या. "जित्ता पायजे. मला कळाया पायजे."

झालं. पुन्हा सगळे हात जोडून उभे राहिले आणि एकेक जण नानांना शब्द द्यायला लागला. ही पद्धतच असते म्हणे. काय इच्छा राहिली असेल ते ओळखून बोलायचं. ते बरोबर निघालं की कावळा येतो.

बाळासाहेब म्हणाले, "नाना, वरच्या रानात बोअर मारतो."

कावळा बाभळीवर. चोच घासतोय.

त्यांची बायको, सुनंदा वहिनी, पदर सावरून म्हणाल्या, "नाना, मी आत्यांना उलटं बोलणार न्हाई."

आक्कांनी हात जोडलेले असतानाच मान वळवली. "पुन्ना म्हन. मोठ्यानं."

कावळा जागचा हलला नाही.

मग बाळासाहेबांचा धाकटा भाऊ दत्ता पुढं झाला. छाती भरून म्हणाला, "नाना, मी दारू सोडली!"

बाभळीवर शांतता. खाली मात्र नाही.

"तू पितुस?" बाळासाहेब म्हणाले.

"सोडली म्हनलो ना."

"पन पितुस कवापासनं?"

"दादा, आता हितं ह्ये काडू नका. नाना ऐकतायत."

मला राहवेना. म्हटलं, चूक आपली, निस्तरलीही आपणच पाहिजे. आणि एवढी दुर्बीण घेतली, पुस्तक वाचलं, त्याचा उपयोग कधी? मी पुढं होऊन घसा साफ केला. "मंडळी, मी पक्षीनिरीक्षक आहे."

"ते बघितलं," भटजी म्हणाले.

"तसं नाही हो. कावळा हुशार पक्षी. एवढी माणसं उभी दिसल्यावर तो येणार नाही. सगळ्यांनी खाली बसा. बसा काय, आडवेच व्हा."

आता बघा, माणसं किती भोळी आणि किती थकलेली असतील. आडवी झाली हो! तीस माणसं वाळूत पालथी. बाळासाहेबांच्या घरचे पाहुणे, पंचायतीचे एक सदस्य, सगळे. फक्त भटजी उभे राहिले. म्हणाले, "धोतर आहे. मी इथूनच बघतो."

पाच मिनिटं गेली. कावळ्यानं खाली वाकून सगळ्यांकडं बघितलं. इतकी माणसं एकदम का पडली, हे त्यालाही समजलं नसावं. तो आणखी एक फांदी वर सरकला.

मग मी माझं शेवटचं अस्त्र काढलं. मोबाइलमध्ये पक्ष्यांचे आवाज असतात. कावळ्याचा आवाज शोधला, आवाज पूर्ण मोठा केला आणि मोबाइल वर धरला. "काव! काव! काव!"

आणि काय सांगू! पलीकडच्या उसातून एक आला, वडावरून चार आले, गावाकडून तर थवाच आला. आकाश काळं झालं. पालथ्या पडलेल्या मंडळींत आनंदाची लाट उसळली. बाळासाहेब ओरडले, "आलं! आलं!" दत्तानं मला मिठी मारली. दारू सोडल्याला दहा मिनिटं झाली होती, तरी वास येत होता.

कावळे उतरले. थेट माझ्या सॅकवर.

सॅकमध्ये काय होतं? बायकोनं दिलेली अंडाभुर्जी आणि पोळ्या. मी ती सॅक गर्दीच्या मागं वाळूत ठेवली होती आणि चेन उघडी. पिंडाकडं एकानंही ढुंकून बघितलं नाही. भुर्जीचा एकेक कण वेचला, पोळ्या पळवल्या, एकानं फॉइलही नेलं. मी "अरे, अरे" करत नुसता उभा. हाकलायची माझी काय बिशाद?

बाळासाहेबांनी आशेनं विचारलं, "भटजी, ह्ये चालंल का? शिवलं तर हायत."

"नियम पिंडाचा आहे," भटजी म्हणाले. "भुर्जीचा मला माहीत नाही."

सगळे कावळे पोट भरून निघून गेले. राहिला तो एकटा, बाभळीच्या शेंड्यावरचा. तो तेवढा भुर्जीला उतरला नव्हता. आता बघा, पंचक्रोशीतले कावळे मी जेवू घालून परत पाठवले होते. आता उरलेल्या एकावर सगळी भिस्त, आणि तोही माझ्यावर डूख धरलेला. साडेदहाला दहा मिनिटं कमी. भटजी दर्भ वळायला लागले.

आक्कांचा चेहरा बघवेना. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. येत न्हाईत. राग हायच त्यांचा."

मला इतकं वाईट वाटलं ना, की मी त्यांच्यासमोर वाळूत गुडघे टेकले. म्हटलं, "आक्का, चूक माझी आहे. तुमची नाही. तो येत होता. मी डोळ्यांनी बघितलंय, तो येतच होता."

आक्कांनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मंग तुमीच बोला त्यांच्याशी. ज्यानं हाकललं त्यानंच बोलवाया पायजे."

मी? मी नानांशी काय बोलणार? ओळख ना पाळख. आणि आमच्या घरी कळलं असतं ना, तर आईनं उंबऱ्यात उभं केलं नसतं. पण तीस माणसं माझ्याकडं बघत होती. मी पत्रावळीसमोर उभा राहिलो. हात जोडले. फोटोतल्या मिशांकडं बघून म्हणालो, "नाना, नमस्कार. मी सोनवणे. धायरी."

मागून भटजी म्हणाले, "पिनकोड राहिला."

"नाना, माझं चुकलं. पुन्हा कावळ्याला ढेकूळ मारणार नाही."

कावळा ढिम्म.

"एक झाड लावीन तुमच्या नावानं. वडाचं."

ढिम्म.

"बाल्कनीतल्या पारव्यांनाही हाकलणार नाही." बायकोला न विचारता दिलेला हा माझ्या आयुष्यातला पहिला शब्द. तरी ढिम्म!

मग मात्र माझा तोल गेला. सकाळपासून उपाशी, उन्हानं डोकं तापलेलं, चक्रवाक नाही, भुर्जी नाही. मी गळ्यातली दुर्बीण उपसून काढली आणि बाभळीकडं बघून ओरडलो, "मग काय हवंय तरी काय तुम्हाला? पक्षी बघणं सोडू का? सोडलं! पुन्हा या जन्मात पक्षी बघणार नाही! झालं?"

वाक्य पुरं व्हायचं होतं हो!

कावळा सरळ खाली आला. उड्या नाही, मान वाकडी नाही, काही नाही. दगडावर बसला, पिंडात चोच घातली, एक शीत उचललं, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा चोच घातली.

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. भटजींनी अर्धा वळलेला दर्भ फेकून दिला. आक्का फोटोकडं बघून रडत होत्या आणि हसत होत्या. "म्हंजी माझ्यावर राग नव्हता! आगं सुनंदा, माझ्यावर न्हवताच! राग व्हता तो ह्या सायबांवर!"

"सायबांवरच!" सगळ्यांनी एका आवाजात दुजोरा दिला. इतका आनंद झाला सगळ्यांना, की माझ्याकडं बघून लोक हात जोडायला लागले.

दत्ता पुढं सरकला. "दादा, कावळा सायबांच्या शब्दाला शिवला. म्हंजी माझा शब्द मोकळा झाला न्हवं?"

बाळासाहेबांनी नुसतं बघितलं. दत्ता मागं सरकला.

मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पहिल्या पंगतीत आक्कांच्या शेजारी पान. आक्कांनी स्वतःच्या हातानं वाढलं, वर पुन्हा विचारलं, "लेकरा, मीठ बरुबर हाय ना?" बरोबर होतं. अगदी बरोबर होतं.

निघताना स्कूटरपाशी बाळासाहेब सोडायला आले. मी सहज दुर्बीण गळ्यात अडकवायला गेलो, तर त्यांनी हळूच माझा हात धरला.

"सायेब, शबूद दिलाय तुमी."

"अहो बाळासाहेब, ते त्या वेळी तोंडून गेलं. आणि खरं सांगायचं तर आमच्यात हे काही मानत नाहीत."

"तुमी नका मानू," बाळासाहेब शांतपणे म्हणाले. "नाना मानायचे."

असा मुद्दा वकिलालाही सुचला नसता. मी दुर्बीण सॅकमध्ये घातली. फॉइल नव्हतं, त्यामुळं जागा भरपूर होती.

वडाखाली थांबून मोबाइल बघितला, तर केळकर बाईंचा मेसेज. खरा ग्रुप पलीकडच्या काठावर होता. बंधाऱ्याच्या त्या बाजूला. "आज चोवीस चक्रवाक दिसले. नऊ वाजून वीस मिनिटांनी समोरच्या काठावर कुणीतरी आरडाओरडा केल्याने सर्व उडून गेले. ते बहुधा या मोसमात परत दिसणार नाहीत. सोनवणे, आपल्याकडे शेवाळी जॅकेट आहे का?"

मी लिहिलं, "नाही मॅडम. आज मला यायला जमलं नाही."

लगेच उत्तर आलं. "उत्तम. पुढेही असेच जमू देऊ नका."

घरी आलो, बायकोला सगळं सांगितलं. ती पोट धरधरून हसली, आणि दुर्बीण उचलून माळ्यावर टाकली. मीही म्हटलं, चला, सुटलो. आपण शिकलेली माणसं, विज्ञान मानणारी. तो कावळा भुकेला होता, म्हणून खाली आला. दुसरं काय? हे मी तिला समजावून सांगितलं. दोन वेळा सांगितलं. तिनं काही विचारलेलं नसताना सांगितलं.

दुसऱ्या रविवारी सकाळी बाल्कनीत चहा घेत बसलो होतो. पेपर वाचत होतो. एवढ्यात समोरच्या कठड्यावर काहीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं. काळं होतं. मान वाकडी करून माझ्याकडंच बघत होतं.

बायको आतून म्हणाली, "अहो, बघा तरी कोण आलंय!"

आणि मी, विज्ञान मानणारा, आजोबांपासून कर्मकांड सोडलेल्या घरातला माणूस, गच्च डोळे मिटून, चहाचा कप तसाच हातात धरून, मोठ्यानं म्हणालो, "नाही बघत हो नाना, नाही बघत!"